उमापूरच्या जिन्याची टाइल

वडवणी,
शनिवार, १७ जानेवारी २०२६

ताई,

शरणार्थ. बाळीला माझा पापा.

संक्रांतीला तुझी वाट पाहिली. आईनं तुझं वाण काढून ठेवलं होतं, ते अजून फडताळात तसंच आहे. बाळीच्या बोरन्हाणाचे फोटो दाजींनी पाठवले. हलव्याचे दागिने तिला छान दिसतात. सगळ्या फोटोंत मिळून तुझा फक्त पदर आला आहे, तोही एकाच फोटोत. मी मोठा करून पाहिला.

अप्पांचं दुकान नेहमीसारखं चाललं आहे. तीळ आणि गूळ सगळा खपला. आता वरच्या दोन खोल्यांचं प्लास्टर झालं आहे. रस्त्याकडची खोली माझ्या शिकवणीची. मुलांनी घरातून ये-जा करायला नको, म्हणून जिना बाहेरून काढला. गिऱ्हाईक मीठ न्यायला आलं तरी अप्पा त्याला सांगतात, "आमची शिवा बीएस्सी झाली. वर क्लास काढणार हाय." घरात पहिलीच पदवी, म्हणून मी त्यांना अडवत नाही. पण मीठ घेणाऱ्याला काय करायचंय?

जिना उभा राहिला. टाइल मात्र बसलेली नाही, आणि ती आईमुळे.

तुला खरं वाटणार नाही इतकी आई टाइलच्या मागे लागली. वडवणीतली दुकानं संपली, मग बीडची सुरू केली. दुकानात गेली की चप्पल काढते, टाइल जमिनीवर मांडायला लावते, वर पाणी ओतायला लावते आणि ओल्या पायानं तिच्यावर उभी राहते. टाच घासते. एकदा तर पिशवीतून साबणाची वडी काढली. रंग, डिझाइन काही बघत नाही. पाय थोडा जरी सरकला, की "ही न्हाई" म्हणून चप्पल घालते.

बिभीषण मिस्त्री कंटाळला. म्हणाला, "काकू, सून पसंत करायला बी कुणी एवढी घरं फिरत न्हाई. कावून एवढं घोळताव?"

आई म्हणाली, "सून घसरली तर माझ्या लेकाला कळंल. मला लेकच न्हाई. लेकी हायत, आन् एक घसरलीया."

मिस्त्री वाळू चाळायला गेला आणि मी खोलीत गेले. तेव्हा मला आईचं कौतुक वाटलं होतं, ताई. तू श्रावणात उमापूरला तुमच्या जिन्यावरून पडलीस आणि आईनं त्याचा सगळा राग टाइलवर काढला, एवढंच मला वाटलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. कागदावर का लिहिते, तेही सांगते. तुझा फोन लागला की आवाज घुमतो, माझंच बोलणं मला परत ऐकू येतं. स्पीकर लावल्यावर येतो तसा. तू 'बरं', 'हो', 'सगळं मजेत' एवढंच बोलतेस, आणि मध्येच बाळी ओरडल्यावर कुणीतरी पुरुष माणूस तिला शू म्हणतो. मेसेजचंही तसंच. तू मला जन्मात 'शिवे' सोडून काही म्हटलं नाहीस. पण दिवाळीनंतरचे मेसेज 'शिवांजली, आम्ही कुशल आहोत' असे येतात. कुशल! आपल्या घरात हा शब्द कुणी वापरला होता का?

आधी स्वतःचाच राग आला. लग्न झालेल्या बहिणीच्या मेसेजचे शब्द तपासत बसणारी मी कोण? रिकामं डोकं आहे, नोकरी नाही, म्हणून संशय सुचतात, असं स्वतःला सांगितलं. आईशी काही बोलले नाही.

गेल्या रविवारी आम्ही बीडला मतीनभाईंच्या दुकानात गेलो. दुकान दाजींनीच सुचवलं होतं. म्हणाले, "आमच्या घराचं समदं तिथूनच घेतलंय. मला बी खताच्या गोण्या बघायला बीडात यायचंय. मी उभा राहतो, भाव करून देतो." अप्पा दुकान सोडून येऊ शकत नव्हते. मी आणि आईच गेलो. दाजी यायला वेळ होता, तेवढ्यात आईनं पाणी मागितलं.

मतीनभाई विनोदी माणूस आहेत. चार-पाच टाइल भिजल्यावर म्हणाले, "मावशी, आणखी दोन बघा, म्हंजे आज पोछा मारायची गरजच न्हाई."

आई म्हणाली, "तुमच्या दुकानात कुणी पडलं तर?"

"तर मी उचलीन, मावशी. टाइल घेतल्याशिवाय सोडणार न्हाई, एवढंच."

मग त्यांनी विटकरी रंगाची एक टाइल काढली. हात फिरवला तर बारीक दाणे लागत होते, आणि कडेला रेघा होत्या. आई तिच्यावर उभी राहिली. पाणी ओतलं, साबण लावला. टाच घासली, दोन्ही पायांनी घासली. पाय हलेना. आई हसली, ताई. तुझ्या अपघातानंतर आईला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"ही धरती पाय," ती म्हणाली.

मतीनभाई म्हणाले, "धरणारच! ही तुमच्या जावयाच्या, सिद्धाराम शेठच्या, उमापूरच्या जिन्याला हाय. वरपासून खालपर्यंत. आमच्याच माणसानं बसवली."

तेवढ्यात दाजी आत आले. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं आणि खूश झाले. म्हणाले, "आत्याबाई, डोळे झाकून घ्या. दोन पावसाळे झाले. पावसात गल्लीतली समदी पोरं आमच्या जिन्यावरून पळत्यात. एक बी घसरलं न्हाई आजवर."

आई अजून त्या टाइलवरच उभी होती. ओली, अनवाणी, साबणाच्या फेसात.

ती आपल्या पायांकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं. मतीनभाईंना काही कळलं नाही, ते कॅल्क्युलेटर शोधत होते. दाजींना मात्र कळलं. त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मग म्हणाले, "उज्ज्वलाचं सोडा हो. ती येंधळी हाय, बघून चालत न्हाई."

आईनं शांतपणे पाय पुसले, चप्पल घातली. म्हणाली, "रंग मनात भरत न्हाई. पुढच्या टायमाला बघू." दाजींनी चहा मागवला होता. तो तिनं घेतला नाही. तिला उपास आहे, असं सांगितलं. तिला उपास नव्हता.

रविवार

काल पत्र इथंच थांबवलं.

ताई, बीडच्या दवाखान्यात तू काय म्हणाली होतीस, ते मला शब्दन् शब्द आठवतं. दाजी औषधं आणायला खाली गेले होते. तुझा हात प्लास्टरमध्ये होता आणि हनुवटीला टाके होते. तू आईला म्हणालीस, "जिन्याची टाइल लई गुळगुळीत हाय गं. काचंवाणी. पाय टेकला आन् गेले." आईनं तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. वास्तूच्या वेळी आम्ही तुझं घर पाहिलं तेव्हा जिना नुसता सिमेंटचा होता. नंतर कोणती टाइल बसली, ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. तू सांगितलंस आणि आम्ही मानलं.

आई तर इतकं मानून बसली, की आपल्या घरात तसली टाइल येऊ नये म्हणून गावोगावी पाय भिजवत फिरली.

बीडहून येऊन वडवणीला उतरल्यावर ती म्हणाली, "शिवे, काचंवाणी म्हणाली होती ना ती?" मी हो म्हटलं. मग ती सरळ घरी न जाता देवळात जाऊन बसली.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुसरा जिना असंल. मागं गच्चीवर जाणारा."

आई आतून म्हणाली, "मागं जिना न्हाई. मागं गोठा हाय."

"मग न्हाणीत पडली असंल, आन् लाजून जिना म्हणाली असंल."

"न्हाणीत पडायला कुणी लाजतं व्हय? मला येडी समजताव का?"

अप्पा उठले. जाताना एवढंच म्हणाले, "लेकीनं सांगितलं, जिन्यावरून पडले. आता टाइलीच्या सांगण्यावरून मी जावयाच्या दारात जाऊ? तिच्या तोंडून ऐकल्याबिगर मी एक शब्द बोलणार न्हाई."

मला त्यांचा संताप आला. पण खरं सांगू? त्यांचीही भीती मला कळते. समजा आपण चुकलो, तर तुझा संसार आपणच मोडला असं होईल. अप्पांना भांडणाची भीती नाही. चुकीच्या भांडणाची आहे. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी दुकान बंद करून त्या उघड्या जिन्यावर बसतात. बिभीषण मिस्त्रीनं कामाचं विचारलं तर "थांब" म्हणतात.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. ऑगस्टमध्ये मी बचत गटाच्या बायकांसमोर घरातल्या मारहाणीच्या कायद्यावर बोलले होते. कलमं पाठ केली होती, हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहिला होता. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा व्हिडिओ मी तुला पाठवला आणि विचारलं, कसा झाला? तू फोनवर म्हणालीस, "छान बोललीस गं. मी टाळ्या कशा वाजवू, माझा एकच हात मोकळा हाय." आपण दोघी हसलो. मी किती हसले, ताई. तुझं हसणं जरा उशिरा थांबलं, एवढंच मला तेव्हा जाणवलं होतं. त्याचा विचार मी केला नाही.

आता मी सगळ्याचाच विचार करते. दाजींना आपल्या टाइलची एवढी काळजी का होती? भाव करून द्यायची हौस होती, की आम्ही उमापूरला येऊन जिना बघू नये, म्हणून ते बीडातच भेटले? हे कदाचित जास्तच झालं. भावाचीच हौस असेल. ज्याला काही लपवायचं असतं तो एवढ्या सहज बोलून जात नाही. मग वाटतं, ज्याला आपण काही केलं असं वाटतच नाही, तो असाच सहज बोलतो.

हे पत्र रतनबाई कासारणीच्या हाती देते आहे. उद्या ती तुमच्या गावात तिच्या लेकीकडे चालली आहे. बांगड्या भरायला म्हणून तुला आतल्या खोलीत बसवेल. पत्र तिथंच वाच आणि तिलाच परत दे, घरात ठेवू नकोस. तिला मी काही सांगितलेलं नाही. पण ती म्हणाली, "दिवाळीत तुझ्या बहिणीनं एका हातात बांगड्या भरूनच घेतल्या न्हाईत." म्हणजे तिनंही काहीतरी ओळखलं आहे.

आता नीट वाच. बुधवारी अप्पा दाजींना फोन करतील. त्याला मी आणि आईनं त्यांना तयार केलं आहे. म्हणतील, "घरच्या नव्या जिन्यावर पहिलं पाऊल माहेरवाशिणीचं पडायला पाहिजे, आणि टाइल तिच्याच पसंतीची घ्यायची आहे. चार दिवस पाठवा." असं म्हटल्यावर दाजींच्या आईला नाही म्हणता येणार नाही. त्यांच्या घराच्या वेळी त्यांनीही लेकींना बोलावलं होतं. तू फक्त हो म्हण. बाळीला घेऊन ये. बाळीला ठेवून ये म्हणाले तर येऊ नकोस. फोन करून आईला एवढंच म्हण, की बाळीला ताप आहे. मग आम्ही तिघं तिकडे येऊ.

आईला लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहेच. ती आत्ता शेजारी बसली आहे. म्हणते, माझ्या नावानं एक ओळ लिही. तिच्या शब्दांत लिहिते:

"उजे, म्या साबण लावून बघितलं. तुजा पाय घसरला न्हाई. ये."

इथं आल्यावर तुला एकच करायचं आहे. अप्पांच्या समोर बसून, एकदा, तुझ्या तोंडानं सांगायचं. बाकीचं मी करीन. कुठं जायचं, काय लिहून द्यायचं, कुणाला भेटायचं, ते मला येतं. एवढं तरी शिकले आहे. तुझी खोलीही तयार आहे. शिकवणी मी खालच्या ओसरीतही घेऊ शकते. मुलांना काय, बसायला जागा मिळाली की झालं.

आणि तू खरंच घसरली असशील, तर तसं सांग. मी दाजींच्या पाया पडून माफी मागेन, उमापूरला येऊन, सगळ्या गल्लीसमोर. खरोखर मागेन.

मला ती वेळ यावी असं फार वाटतं, ताई. येईल असं वाटत नाही.

बुधवारच्या फोनजवळ बसलेली,
तुझी शिवी