डावीकडून तिसरी खिडकी

ता. ४

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर का होईना, बायकोला गाडीतून फिरायला नेतो आहेस, हे वाचून बरं वाटलं. नाहीतर तिनं तुझ्याबरोबर पाहिलं काय, तर लोकांच्या जमिनींची मोजणी!

मुक्कामाचं ठिकाण वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. आईचं क्षयाचं इस्पितळ ते. आता तिथे लोक हौसेनं राहतात म्हणे, जुनी इमारत म्हणून. तू तेव्हा चार वर्षांचा, तुला आठवत नसेल. मुलांना फाटकाच्या आत सोडत नसत. बाबा आत जात आणि मी तुला कडेवर घेऊन बाहेरच्या झाडाखाली उभी राही. रविवारी बरोबर चार वाजता आई वरच्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या खिडकीत येई. हात हलवी आणि लगेच वळून जाई. पुरतं एक मिनिटही नाही. त्या मिनिटासाठी मी आठवडा काढायची रे. एका रविवारी मला राग आला आणि मी हात हलवलाच नाही. पुढच्या रविवारी खिडकी रिकामी होती.

तिची खोली मिळाली तर घे. तिथून फाटक दिसतं का, तेवढं बघ. दिसत नसेल तर आम्ही तिला दिसतच नव्हतो, अशी मनाची समजूत घालीन. दोघं सांभाळून जा.

तुझी,
ताई


ता. १२

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचलो. वाटेत दोनदा रस्ता चुकलो. मोजणीदाराला रस्ता विचारायची लाज वाटते, हे तुला मुद्दाम कळवायला तुझ्या भावजयीनं सांगितलं आहे.

आल्या आल्या तू सांगितलेली खोली मागितली. व्यवस्थापक म्हणाले, तिथे खोली नाहीच, ती जिन्याची खिडकी आहे. मला वाटलं, तू अकरा वर्षांची पोर, मोजायला चुकली असशील. झाडाखाली जाऊन मोजलं. तुझं काही चुकलं नव्हतं.

इथे शोभेसाठी जुन्या वस्तू भिंतींवर लावल्या आहेत. एक पाटी आहे: ‘परवानगीवाचून रुग्णाने खाट सोडू नये.’ पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून हसत फोटो काढतात. जवळच खाटांचा जुना आराखडा आहे. आईच्या कपड्यांवर तू लाल दोऱ्यानं नऊचा आकडा घालायचीस, असं बाबा सांगत. ती नऊ नंबरची खाट सापडली. तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. तिथे आता जेवणघर आहे आणि खाटेच्या जागी दोघांचं टेबल. आम्ही तिथे चहा मागवला. मला तो संपवता आला नाही.

मग सवयीनं पावलं मोजली. खाटेपासून जिन्यापर्यंत चौसष्ट. वर बावीस पायऱ्या. मी धडधाकट माणूस, तरी वर पोचल्यावर कठडा धरून उभा राहिलो. आईचं एकच फुफ्फुस चालत होतं, ताई. आणि तिला तेवढंच परत जायचं असे.

फाटक दिसतं. स्वच्छ दिसतं. चार वाजता तुझी भावजय खिडकीत उभी राहिली आणि मी झाडाखाली गेलो. तिनं हात हलवला, मीही हलवला. मग मला तो खाली घेववेना. देवाचं नाव घेतलं. मागितलं काहीच नाही.

माया आहेच, ती उणी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

वन्सं, सा. न. तुम्हाला घेऊन पुन्हा इथे यायचं, हे मी ठरवून टाकलंय, ह्यांनी फक्त गाडी चालवायची. नकाशा माझ्याच हातात असेल, तेव्हा पोचायला उशीर होईल, पण पोचू.


ता. १९

चि. धाकट्यास व चि. सौ. भावजयीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ओट्यापासून दारापर्यंत चालून पाहिलं. आठ पावलं होतात. तशा आठ खेपा घातल्या. मधे दोनदा खुर्चीत बसले. ती कुठे बसत असेल?

इतकी वर्षं मला वाटायचं, खाटेवरून उठली आणि खिडकीशी आली. कंटाळली आणि वळली. आणि मी रुसून बसले त्या रविवारीही ती तेवढीच चालून आली असणार.

मी येते. गुडघे कुरकुर करतील, त्यांना करू दे. वर मला चढवू नका, मी झाडाखालीच उभी राहीन. वर खिडकीत कुणी नसलं तरी चालेल. माझा एका रविवारचा हात हलवायचा राहिला आहे, तेवढा हलवीन. आणि या वेळी हात आधी मी खाली घेईन, म्हणजे तिला लवकर जाऊन पडता येईल.

वाट पाहते.

तुमची,
ताई