थोरली

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला ‘कंपनीची माणसं’ म्हणून दोन शब्द सुनावतोस. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोन ओळी लिहिते, उठते, गॅसवरचं दूध बघून येते, परत बसते. सकाळपासून जिवाला चैन नाही. रागाव हवं तर, पण वाचल्याशिवाय फाडू नकोस.

तुला चोर ठरवणारी नोटीस मी वाचली. कंपनीने घडवलेला, दुप्पट वेगाने वाढणारा मासा तुझ्या तळ्यात सापडला. तो वाण कायद्याने कंपनीचा. शिवाय तो वांझ, म्हणजे तुझ्याकडे जन्मणं शक्यच नाही, म्हणजे तू पिल्लं चोरलीस. आणि बहीण कंपनीच्याच प्रयोगशाळेत, मग काय विचारता, चोराला घरचीच वाट! मी चहाला गेले की गप्पा थांबायच्या. लाज नाही वाटत, संताप येतो. त्या माशाच्या अंड्यातला बदल मीच केला आहे, याच हातांनी. वांझ करताना एखादी मादी सुटू शकते, हे मी बैठकीत बोललेही होते. साहेब म्हणाले, टाक्या बंदिस्त आहेत, काळजी कशाला? मग पूर आला आणि आमच्या टाक्यांवरून गेलेलं पाणी तुझ्या बांधाच्या आत शिरलं. नदीत आमचे किती मासे गेले, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी कानावर हात ठेवले. तिथले जुने मासे उद्या उरतील का?

तुला आठवतं, जाळं ओढलं की बाबा अंड्यांनी सर्वांत भरलेली मादी उचलायचे, तिला ‘थोरली’ म्हणायचे आणि परत पाण्यात सोडायचे? गिऱ्हाईक कितीही हटून बसलं तरी ती मिळायची नाही. आपण तिला आत्या म्हणायचो, आणि खरी आत्या घरी आली की हसू दाबता दाबता आपली पुरेवाट व्हायची. वहिनीने परवा सांगितलं, पुरानंतर तुझ्या जाळ्यात अशी थोरली आली की तू तिला ‘थोरली’ म्हणून हाक मारलीस आणि बाबांच्या आठवणीने डोळे पुसलेस. मग केलंस काय? बाबांनी केलं असतं तेच, तिला परत पाण्यात सोडलंस. दुसरा कुणी तिला विकून मोकळा झाला असता, आणि आज निवांत झोपला असता.

तुझ्या तळ्यातल्या पिल्लांचे नमुने माझ्याच टेबलावर आले होते. मी तपासले. दादा, ती पिल्लं अर्धी आमची आणि अर्धी बाबांच्या जुन्या माशांची आहेत. म्हणजे तुझी थोरली ही आमच्या टाकीतून पुरात वाहून आलेली, वांझ व्हायची राहिलेली मादी. तसला मासा आमच्या एकाही टाकीत नाही. जे आमच्याकडे नव्हतंच, ते तू चोरणार कुठून? मी नाचायचीच बाकी होते. पण बहिणीने केलेली तपासणी कोण मानणार, आणि का मानावी? म्हणून मी स्वतःच साहेबांना सांगितलं, हे तळं माझ्या भावाचं आहे. निकालाची प्रत सरकारी तपासणी खात्याला पाठवली. त्याच संध्याकाळी मला घरी बसवलं. वहिनीला एवढ्यात सांगू नकोस, ती उगाच रडत बसेल.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. वहिनी म्हणाली, रविवारी तू बांध फोडणार आहेस, नको ती ब्याद म्हणून. दादा, पाया पडते, तसं करू नकोस. बांध फोडलास तर ती पिल्लं नदीत जातील, आणि जे आमच्या हातून झालं तेच तुझ्या हातून होईल. औषध टाकून मारलीस, तर तुझ्या बाजूने बोलणारं कुणीच उरणार नाही. माझा शब्द आता नुसता बहिणीचा शब्द आहे. सोमवारी सरकारी माणसं नवे नमुने घ्यायला येतील. त्यांना जाळं टाकू दे, थोरलीला बघू दे. एकदा बाबांच्या सवयीने तिला पाण्यात सोडलंस. आता माझ्यासाठी सोमवारपर्यंत तिला तिथेच राहू दे.

तुझीच,
चिंगळी