यादीत बेबीनंदा नाही

१४ सप्टेंबर १९८६, रविवार

यादीत बेबीनंदा नाही!

तीनदा वाचली. बोट ठेवून वाचली. पुण्याच्या पेपरात आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, बियाण्यांच्या जाहिरातीला चिकटून चार ओळी — 'सह्याद्री' कंपनीचा या मोसमाचा महिला बास्केटबॉल संघ जाहीर. बारा नावं. शकुंतला पै कॅप्टन, ते ठीक. रोझी डिकॉस्टा नाही. तिला मुंबईच्या 'अरुणोदय'ने पळवलं — कायम नोकरी आणि राहायला खोली. गेली तर गेली, तिचा डावा हात नुसता शोभेला होता. पण बेबीनंदा तौर? चार वर्षं जिने रिंगखाली उभं राहून सगळ्यांचे धक्के खाल्ले ती? तिच्या जागी कोणी वृंदा मोहिते! कोण ही? कुठली? जन्मात नाव ऐकलं नाही.

वाचनालयात सहा माणसं बसली होती, नाहीतर तिथेच पेपर आपटला असता.

१५ सप्टेंबर

बातमी कापून आणली. या वहीतच चिकटवली. आधीच्या चार याद्यांच्या शेजारी.

भुजंगराव — आमचे ग्रंथपाल — आज पेपर उजेडात धरून बघत होते. "म्याडम, ह्यो उंदीर लै शिकलेला दिसून राह्यला. बाकी कशाला तोंड न्हाई, निस्ता खेळाचाच कोपरा खातो!" मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले. दुपारी चार ते सात एवढीच माझी नोकरी. त्यात चोरीही करते. धन्य!

१८ सप्टेंबर

झोपताना डोक्यात तेच. असं कसं काढतील? मागच्या मोसमात सर्वांत जास्त गुण तिचे. पेपरातच होतं.

'अरुणोदय'ची यादी पाहिली — नाही. नागपूरच्या संघाची मिळाली — तिथेही नाही. म्हणजे कुणी पळवली नाही, सरळ वगळली. ही मोहिते कोल्हापूर-साताऱ्याकडची असणार. कुणाचा तरी वशिला. आमच्या मराठवाड्याच्या पोरीला कोण विचारतो! काम करून घ्यायचं आणि बाजूला सारायचं.

लग्नाची शंका एकदा मनात आली. पण नाही. घनसावंगीच्या देवीसमोर शपथ घेतली होती तिने — खेळ सुटेपर्यंत लग्न नाही. मी शेजारीच उभी होते. आणि लग्न झाल्यावर खेळणारी मी तरी एक पाहिली नाही. कंपन्या एकमेकींच्या मुली पळवतात, पण सगळ्यांत मोठी पळवापळवी बोहल्यावर होते. तिथून कुणी परत संघात येत नाही.

२५ सप्टेंबर

सगळं एकदा लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. जालन्याचा स्वतःचा संघ करायचा तर बारा मुली मिळेनात. मी कोर्टातल्या कारकुनाची, पाच फुटांची. ती घनसावंगीची, मामाकडे शिकायला राहिलेली, पाच फूट अकरा. वर्गात शेवटच्या बाकावर पाय दुमडून बसायची. मी पास द्यायचा, तिने टाकायचा — एवढंच आम्हाला येत होतं. तेवढ्यावर तीन जिल्हे हरवले! पाय मात्र तिचे जागचे हलायचे नाहीत. मी सारखी ओरडायची — "पाय, नंदे, पाय!"

ब्याऐंशीत 'सह्याद्री'चे कोच आले. दोघींना घेतो म्हणाले. कंपनीत नोकरी, दुपारनंतर सराव. बापाची सही हवी.

माझे वडील चष्मा पुसत म्हणाले, "नरहर कुलकर्ण्याची मुलगी चेंडू उडवून पगार घेणार?" कागद घडी करून पंचांगात ठेवला. तिचे वडील भिवाजी. उभ्या आयुष्यात मॅच पाहिली नव्हती. म्हणाले, "जाऊ द्या पोरीला. येवढी उंच हाय, हितं तिला नवरा कुठून आनायचा?" आणि ठोकला अंगठा!

त्या एका अंगठ्यावर ती गेली आणि मी राहिले.

२ ऑक्टोबर

सुट्टी. सासूबाईंनी दोनदा "उमा!" म्हणून हाक मारली. माझं लक्षच नाही. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला. "कानात काय बोळे घातलेस का गं?" अडीच वर्षं झाली, अजून हे होतं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'उमा' लिहिलं. सगळ्या म्हणाल्या, किती छान अक्षर! अक्षर छानच आहे ह्यांचं. तहसील कचेरीत सगळे मसुदे ह्यांच्याकडून लिहून घेतात.

१४ ऑक्टोबर

दसऱ्यानंतरचा पहिला पेपर. संघाचा फोटो! पुढच्या रांगेत शकुंतला, चेंडू मांडीवर. मागे मधोमध उंच एक — खाली नाव मोहिते. नेमकं तिच्या तोंडावर शाई फुटलेली. हनुवटीसुद्धा दिसत नाही.

बरं झालं!

१९ ऑक्टोबर

जालन्याला माहेरी गेले होते. परतताना एसटीत कंडक्टर घनसावंगीचा निघाला, मच्छिंद्र नावाचा. त्याला विचारलं, तौरांची बेबीनंदा माहीत आहे का, पुण्याला खेळायला गेलेली. म्हणाला, "बाई, आमच्या गावात दगड मारला तर तौरालाच लागतो! कोन्ते तौर ते बोला." मला घर आठवेना. एकदाच गेले होते. दारात लिंबाचं झाड होतं, म्हटलं. "लिंब तर समद्यांच्याच दारात हाय," म्हणाला आणि तिकिटं फाडायला पुढे गेला.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं. लग्नाआधी.

लग्नाला आली नाही ती. मॅच होती. तार पाठवली — 'येऊ शकत नाही. सुखी राहा.' मी हळदीच्या अंगाने रडले आणि पाचव्या दिवशी पत्र लिहिलं — तुझा संघ तुला लखलाभ, मला यापुढे पत्र टाकू नकोस. खरं तर ती आली नाही याचा राग नव्हता. ती खेळत होती, याचा होता.

कधी माझं ऐकलं नाही बयेने, तेवढं ऐकलं! नंतर चार ओळींचं कार्डसुद्धा नाही.

मला तिची फार आठवण येते. झालं. लिहिलं एकदाचं.

२३ नोव्हेंबर

'सह्याद्री' जिंकली, नाशिकला. मोहितेचे अठरा गुण. असतील! समोर संघ कोणता होता तेही बघा की. मी या मोसमात ठरवलंय, मोहितेने कितीही टाकले तरी ती मला आवडणार नाही. रोझीच्या जागी घेतलेली नवी मुलगी बरी आहे म्हणतात. पण पास चांगला आला तर टाकणारी कोणीही टाकते. मला विचारा.

१२ डिसेंबर

'सह्याद्री' औरंगाबादला येतेय! एकवीस तारखेला, 'अरुणोदय'शी प्रदर्शनीय सामना.

औरंगाबाद म्हणजे इथून अडीच तास. चार वर्षं मी ज्यांच्या याद्या चिकटवतेय, त्या बाराजणी माझ्यापासून अडीच तासांवर येणार. आणि येणार कधी? तर ती नसताना!

१३ डिसेंबर

ह्यांना कसं कळलं कोण जाणे. जेवताना म्हणाले, "रविवारी जाऊ या का औरंगाबादला? तुझ्या त्या चेंडूवाल्या येणार आहेत ना?" सासूबाईंनी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. म्हणाल्या, "जा की. मी काय लहान आहे? माझं मी करून खाईन."

अडवायला कोणी नाही! मीच म्हटलं, नको.

हे म्हणाले, "अगं, का?"

"कुणासाठी जायचं?" म्हटलं आणि ताट उचललं.

२१ डिसेंबर, रविवार

चार वाजले. चेंडू उडाला असेल.

गहू निवडत बसलेय. हात शिवशिवतात अजून. परातीतून मूठभर घेऊन उगीच वर उडवले. सासूबाई बघत होत्या.

२२ डिसेंबर

हरलो. अकरा गुणांनी. आणि कुणामुळे? मोहितेमुळे! मध्यंतरानंतर तिसऱ्या मिनिटाला पाच फाऊल करून बाई बाहेर. पेपरवाल्याने लिहिलंय — 'मोहिते यांचे पाय जागचे हलत नव्हते, खेळात लक्ष नव्हते. त्या वारंवार प्रेक्षकांकडे पाहत होत्या.' प्रेक्षकांकडे! मिरवायला आली होती का औरंगाबादला? बेबीनंदा असती तर मान वर केली नसती तिने.

बरं झालं गेले नाही. गेले असते तर तिथून ओरडले असते.

२९ डिसेंबर

आठवडा झाला, राग जात नाही. भुजंगराव म्हणाले, "म्याडम, तब्येत बराबर न्हाई का?" म्हटलं, तब्येत ठीक आहे, संघ ठीक नाही. त्यांना वाटलं सासरचं काही आहे. "चालायचंच, घरोघरी मातीच्या चुली," म्हणाले.

१६ जानेवारी १९८७

आज केलं ते केलं. संक्रांतीला सगळ्या गावाला 'गोड बोला' म्हणून झालं आणि आज दोन पानी कडू पत्र लिहून टपालात टाकून आले.

संघ व्यवस्थापक, सह्याद्री कंपनी, पुणे. सगळं स्पष्ट लिहिलं. रोझीला जाऊ दिलंत ते चुकलं नाही. शकुंतलाबाईंना आता अर्धाच वेळ खेळवा, गुडघे गेलेत त्यांचे, पेपरातूनसुद्धा कळतं. पण बेबीनंदा तौरला कोणत्या गुन्ह्याबद्दल काढलंत? वृंदा मोहितेला बसवा. पाय जागचे हलत नाहीत, लक्ष लोकांत. अशीला ठेवून तौरला काढणाऱ्याला खेळातलं काय कळतं? तौरला परत बोलवा. तिला पास द्यायला दुसरी बरी मुलगी शोधा, मिळेल.

खाली सही — सौ. उमा मुकुंद देशपांडे. पत्ता वाचनालयाचा दिला. घरी आलं तर शंभर प्रश्न.

'मिळेल' लिहिलं खरं. मिळू नये असं वाटतं.

१७ जानेवारी

जरा जास्तच लिहिलं का? त्या मोहितेच्या घरीही कोणी असेल. असू दे.

३० जानेवारी

उत्तर नाही. कोण देतो! भोकरदनच्या बाईने संघ निवडायचा आणि पुण्याने ऐकायचं.

आज शाळेवरून येताना मैदानात थांबले. रिंग गंजलीय, जाळी कधीच गेली. मुली लंगडी खेळत होत्या. एकीच्या हातात रबरी चेंडू होता. मागावासा वाटला. पदर खोचला होता, पिशवीत भाजी होती. नाही मागितला.

९ फेब्रुवारी

आज वाचनालयात पाऊल टाकलं तर भुजंगराव कार्ड घेऊन उभे. "म्याडम, पुन्याहून आलंय तुमाला." पोस्टकार्ड म्हणजे त्यांनी वाचलेलं असणारच. अक्षर बघितलं आणि कार्ड त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. शेवटच्या बाकावरचं, मोठं, वाकडं अक्षर.

जसंच्या तसं उतरवते:

'उमाताईंना नमस्कार. तुमचं पत्र मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर वाचलं. पाय हलत नाहीत म्हणता ते बराबर आहे, लहानपणापासून तसंच आहे. पण बेबीनंदा तौरला कोणी काढलं नाही. मीच ती. मे महिन्यात लग्न झालं. सासरी नाव बदलतात, तसं माझंही वृंदा केलं. मालक म्हणाले, नाव आमचं घे पण खेळ तुझा ठेव. म्हणून शपथ मोडली. औरंगाबादला लोकांत बघत राहिले हेही खरं आहे, त्यातच फाऊल झाले. तुमच्या गावात माझी मैत्रीण दिलेली आहे. तारा, कुलकर्ण्यांची. वाटलं, एवढ्या जवळ आलोय तर रागात का होईना येईल. पत्र टाकू नको म्हणाली होती म्हणून तिला कधी टाकलं नाही, आज तुम्हाला टाकते. तुमच्याकडे पुस्तकं न्यायला येत असेल. विचारून कळवाल का? — वृंदा मोहिते.'

भुजंगराव काउंटरपाशीच घुटमळत होते. "म्याडम, मी समद्यास्नी वळखतो. पर आपल्या गावात तारा? अशी कुनीच न्हाई बघा."

आहे, म्हटलं.