बिडीला लावलेली नीळ

साक्षीचे पप्पा,

शेजारची कौतिकाबाई म्हणल्ती, "तुझा नवरा बिडी सोडतच न्हाई." मी म्हणलं, "सोडली! पैज हरले तर तुझं बोकड खांद्यावर घेऊन चौकात फिरीन."

पण तुम्ही रोज बडीशेप चघळत घरात यायला लागले, तव्हाच मला डाऊट आल्ता. काल कुलरमागं बंडल घावलं. फेकलं न्हाई, बिड्यांच्या टोकांना कपड्याची नीळ लावून ठेवली. आज ड्युटीला निघाले तर ओठ निळे! मी दारामागं हसून बेजार. कौतिकाबाईनंबी बघितलं. मंग मला रडूच आलं.

डॉक्टरीणबाई काय म्हणल्या? गोळ्यांनी एचआयव्ही दबलाय, पण मानेतली नस पह्यल्यापेक्षा बारीक झाली. या आजारात नसा लौकर खराब होतात, त्यात तुमचं बीपी, वरून बिडी. गल्लीला फक्त बीपी माहीत हाये, तेवढंच राहू द्या.

भाकरी टोपल्यात हाये. पिठल्यात मीठ कमीच हाये, कुरकूर करू नका.

मी बोकड घेऊन चौकात चालले. उरलेलं बंडल घेऊन या अन् सगळ्यांसमोर नालीत टाका. तवर बोकड खांद्यावरून उतरत न्हाई.

बेबीनंदा