इंजिनाचा हिरवा रंग आणि मामांचं फाटक

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून बसल्या बसल्याच). तुमची कंबर, मामींचा रक्तदाब आणि दोघांचं भांडण, तिन्ही नेहमीसारखं चालू असेल अशी आशा आहे.

इकडे माझी अब्रू पणाला लागली आहे. आमच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबात (म्हणजे पन्नाशी उलटलेले काही बाप्ये, जे प्लायवुडवर रूळ मांडून तोंडाने शिट्टी वाजवतात) रविवारी प्रदर्शन आहे. तुम्ही नोकरीला होतात त्या रेल्वे शेडमधल्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं मी मॉडेल केलंय. मूळ रंग पुराव्यानिशी सिद्ध केला तर ते मधोमध मांडणार, नाहीतर ती जागा क्लबातल्याच दातांच्या डॉक्टरच्या मॉडेलला. हा गृहस्थ ठासून सांगतो की इंजिन काळंच होतं. पुरावा काय, तर कृष्णधवल फोटो! त्या न्यायाने तुमच्या बागेतली झाडंही काळीच म्हणायची.

ते इंजिन आता उद्यानात चौथऱ्यावर उभं आहे. घासकागदाने नखाएवढी जागा घासली की जुन्या रंगांचे थर कांद्यासारखे दिसतात, ही आमची विद्या. चाकाआड बसून घासलं. वर चंदेरी, खाली पिवळा, मग निळा (उद्यानाच्या प्रत्येक नव्या साहेबाला इंजिन आपल्या दिवाणखान्यासारखं हवं होतं), आणि अगदी तळाशी विटकरी! मला आनंदाने रडू फुटलं. रखवालदाराला वाटलं मी घाबरलोय. त्याने दंडाला धरून, पण प्रेमाने, बाहेर काढलं. घरी येऊन अख्खं मॉडेल विटकरी रंगवलं, क्लबात छाती काढून जाहीरही केलं. तुमच्या भाचेसुनेने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा तर गंज चढू नये म्हणून खिडकीच्या गजांना लावतात तो. यावर रंग द्यायचा राहिलाय." खरा रंग उद्यानवाल्यांनी पहिल्याच दिवशी खरवडून टाकला होता. डॉक्टर अजून हसतोय. फार लागलं हो मनाला.

तेव्हा तुमचं फाटक आठवलं. फाटक, ट्रंक, खाट, मामींचं स्टूल, सगळं एकाच गडद हिरव्या रंगाचं, जो कुठल्याही दुकानात मिळत नाही. तुम्ही शेडमध्ये रंगाच्या कोठारावर होतात हा निव्वळ योगायोग. सरकारी मालाचा थेंबही उंबऱ्याच्या आत आला नाही, असं तुम्ही जन्मभर सांगत आलात आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. फाटक उंबऱ्याच्या बाहेरच आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. फाटकाचा टवका पाकिटातून पोचला. (कोणी पाठवला ते विचारू नका. अक्षर मामींचं आहे.) पण रंग आला कुठून, हे लेखी असल्याशिवाय क्लब मानत नाही. तेवढ्या चार ओळी सहीनिशी धाडा. 'चोरला' लिहायची गरज नाही, 'आणला' पुरे.

ता. क. २. तुम्हाला जमणार नसेल तर मामी स्वतः येऊन सांगायला तयार आहेत. रंगापासून सुरुवात करून शेडमधला कंदील, दोरखंड आणि घंटा, सगळं ओळीने सांगणार म्हणतात, माइकवरून. बॅग भरून झाली आहे. चार ओळी की मामी, तुम्हीच ठरवा.