तुझ्या गालाच्या आतला डाग

आई, ज्या वर्षी तुमच्या आरोग्य खात्यानं राज्यभर तंबाखू सोडवायची मोहीम काढली, त्या वर्षाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू होतीस तेव्हा तू बोलू दिलं नाहीस आणि नंतर तू राहिली नाहीस. ऐंशीच्या आसपासचं साल होतं. आज मी तेव्हाच्या तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे. तू मला आता मुलीसारखी दिसतेस, हट्टी आणि घाबरलेली. तेव्हा मात्र तू मला जराही घाबरलेली दिसली नव्हतीस.

दोन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन तू नागपुरात आपल्या नंदनवनच्या घरी आलीस ती संध्याकाळ मला नीट आठवते. पिशवीत एक टॉर्च, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या आणि रंगीत चित्रांचा तक्ता. तक्त्यावर नुसती उघडी तोंडं होती, आणि कुठल्या डागाला भ्यायचं ते खाली लिहिलं होतं. खेड्यातल्या बायांची तोंडं तपासायची, तंबाखू आणि गुडाखू सोडायला सांगायची, हे तुझं काम. सराव म्हणून तू मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलंस. "आ कर वं. जीभ वर घे. आता गाल दाखव." माझं झाल्यावर मी हसत टॉर्च हिसकावून घेतला आणि म्हटलं, आता तुझी पाळी. तूही हसत तोंड उघडलंस.

डाव्या गालाच्या आत दुधावर साय धरावी तसा पांढरा डाग होता. मधोमध लाल. तक्त्यावरच्या तिसऱ्या चित्रात हुबेहूब तसाच होता.

"काय पाह्यलं?" तू विचारलंस.

"काही नाही," मी म्हटलं. चुलीवर भात उतू चालला होता, तो उतरवायला मी उठले.

सकाळी चहाच्या आधी तू मोरीत जाऊन बोटानं दातांवर गुडाखू घासायचीस. तुझी आईही घासायची. गुळाचा गोड आणि तंबाखूचा उग्र असा तो वास म्हणजे आमच्यासाठी सकाळच होती. आपण त्याला मंजन म्हणायचो, व्यसन कुणीच नाही. त्या दिवसापासून मला तो वास सहन होईना. आठवडाभर मी गप्प राहिले. मग एकदा तू मोरीतून बाहेर येताना वाट अडवून म्हटलं, "आई, तुह्या गालात चित्रासारखाच डाग हाय."

तुझा चेहरा बघूनच मला कळलं की तुला आधीपासून माहीत होतं.

"नर्स मी हाय का तू?" तू म्हणालीस. मग आवाज खाली आणलास. "बाया माह्यासमोर आता कुठं तोंड उघडून राहिल्या. नर्सबाईच गुडाखू घासते म्हणून कळलं तर एक तरी उघडन का? मोहीम सरू दे, मंग जाऊ मेडिकलच्या दवाखान्यात. तुह्या बाबाले सांगशील तर माह्यी शपथ हाय."

बाबा गिरणीत पाळीवर होते. मी सांगितलं नाही. वीस वर्षांची होते, शपथ मोडली तर तुला काही होईल अशी मला भीती वाटायची.

त्या हिवाळ्यात तू उमरेडच्या बाजूची गावं केलीस. एका गावात तुला एक बाई भेटली, तुझ्याच वयाची. तिच्या गालात तसाच डाग. ती म्हणे, दात दुखते म्हणून लावते, काहून सोडू? तू तिच्याकडे तीनदा गेलीस. तिसऱ्यांदा तिनं डबी उकिरड्यावर फेकली, आणि तू तिला एसटीत बसवून नागपूरला आणलंस, दवाखान्याच्या रांगेत तिच्याशेजारी उभी राहिलीस. त्या रात्री जेवताना तू हे सगळं किती आनंदानं सांगितलंस. "आता जीव वाचन तिचा," म्हणालीस. डॉक्टर तुझ्यापासून हातभर अंतरावर होते, आई. तू तिच्या तोंडावर टॉर्च धरलास आणि आपलं मिटूनच ठेवलंस. मी तुला हे विचारणार होते, पण तू भाकर वरणात कालवून, न चावता गिळत होतीस, आणि मी तेच बघत बसले.

आधी ठेचा सुटला. मग कुठलंच तिखट सोसेना. उन्हाळा लागेतो तोंडात दोन बोटं जेमतेम जायची. गावोगावी कामाला जाताना तू गालावरून पदर घ्यायला लागलीस, आणि कुणी विचारलं तर दाढ ठणकते म्हणायचीस. एक दिवस तुझे केस विंचरताना जबड्याखाली माझ्या बोटांना गाठ लागली. तू आरशातून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "भांग सरळ काढ."

मोहीम संपली आणि बाबांनी तुला धंतोलीतल्या डॉक्टरांकडे नेलं. मीही होते. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "बाई, तुम्ही स्वतः नर्स. इतके महिने काय केलंत?" बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि बाबांना तेव्हाच सगळं कळलं. ते मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. रेडिएशनचे शेक दिले, गाल काळा पडला, पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागे. दिवाळी तू पाहिली नाहीस.

तू गेल्यानंतर पंधरा दिवसांनी ती उमरेडकडची बाई पत्ता विचारत घरी आली. फडक्यात तुझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा बांधून आणल्या होत्या. तिला काहीच माहीत नव्हतं. दारातच तिनं तोंड उघडून मला दाखवलं. "पाह्य वं पोरी, साफ झालं. बाईनं वाचवलं मले. कुठं हाय बाई?"

मी म्हटलं, "गेली. कावीळ झाली होती."

ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मोठ्यानं, घरचं माणूस गेल्यासारखी.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. पण एवढं तुला सांगायचं होतं. तिचं ते उघडं, स्वच्छ तोंड बघताना मला वाटलं, हीच का नाही मेली. मी दारात तशीच उभी राहिले. भर उन्हात इतक्या लांबून आलेल्या त्या बाईला मी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.