अर्धवट बांधलेला फेटा

॥ श्री ॥

बारामती,
दि. २ जानेवारी १९९६

चि. गेणबास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. सिद्धूला साखर कारखान्यात हजेरी मांडायला, टाइमकीपर म्हणून लावायचा शब्द तू तिथल्या चेअरमन बापूसाहेबांना देऊन बसलास, आणि आता एक फेब्रुवारीला त्याला हजर कर म्हणून मला कळवतोस. मुलगा तुझा असला तरी माझ्याकडे राहतो आणि चोवीस वर्षांचा आहे. त्याला विचारलं असतंस तर त्याने नाही म्हटलं असतं. मला विचारलं असतंस तर मीही तेच म्हटलं असतं. म्हणूनच तू कोणालाच विचारलं नाहीस.

तो स्नूकर खेळतो. तू पत्रात तीनदा गोट्या असं लिहिलं आहेस, ते सोड. हिरव्या कापडाचं लांब टेबल असतं, त्याला सहा खिसे असतात. काठीने पांढरा चेंडू मारायचा आणि त्याने दुसरा चेंडू खिशात घालवायचा. आधी लाल, मग रंगीत, पुन्हा लाल. सगळ्यांत शेवटी काळा. अशा एका डावाला फ्रेम म्हणतात. एकाचा नेम चुकला की दुसऱ्याची पाळी येते आणि तोवर पहिल्याने खुर्चीत गप्प बसायचं. हे गप्प बसणं तुला जन्मात जमलं नसतं, तेव्हा तू कुस्तीत गेलास ते बरंच झालं.

इथल्या क्लबात याच महिन्यात व्यावसायिक खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूरहून खेळाडू येणार आहेत. सिद्धूने नाव दिलं आहे. यापुढे खेळ हेच त्याचं काम, एवढाच त्याचा अर्थ.

मी रोज संध्याकाळी त्याचा सराव पाहायला जाते. पहिल्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले की बायका सहसा आत बसत नाहीत. तसं कुठल्या नियमात आहे ते दाखवा, असं मी म्हटलं. ते शोधायला गेले, ते अजून शोधत आहेत. मी घरून खुर्ची नेऊन ठेवली आहे.

भागूबाईला आशीर्वाद सांग. रागावलास तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
ठमाआक्का


॥ बिरोबा प्रसन्न ॥

पळसदेव, ता. इंदापूर
दि. ६/१/९६

ती. स्व. आक्कास,
गेणबाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

हितं समदी खुशाल हायती. धरणाला पानी भरपूर हाय, ऊस तोडीला आलाय, आन टोळी कवा येतीया त्याची वाट बगत बसलोय. तुजं पत्र भागूला वाचून दावलं. संगट शिद्धूचा फोटू व्हता त्यो बगून ती म्हनली, पोरगं ब्यांडवाल्यात गेलं जनू. काळं जाकीट काय, गळ्याला बो काय. क्लारनेट तेवढं ऱ्हायलं.

आक्का, तू बी.ए. झालीस, पोरांना भूमिती शिकवलीस, तुज्याम्होरं म्या काय बोलावं. पर कुस्ती म्या केली. त्यात मानूस मानसाला भिडतो. तुज्या ह्या खेळात म्होरचा गडी खेळतूय आन आपला गडी खुर्चीत बसून बगतूय. माती न्हाय, घाम न्हाय, हलगी न्हाय. ह्याला लढत कोन म्हनंल?

बापूसायबांनी माज्या शब्दावर जागा धरून ठिवलीया. पर तू थोरली हायस म्हून तुजा मान ठिवतो. ही स्पर्धा त्येला खेळू दे. जिकला तर म्या परत तोंड उगडनार न्हाय. हरला तर एक तारखेला कारखान्यात. शेवटच्या फेरीत गेला तर बगाय बी यीन. जायचा न्हाय, म्हून बिनघोर लिवतोय.

भागूनं शेंगाची चटणी धाडलीया, ती तुला हाय, शिद्धूला न्हाय. धाकट्यावर माया आसू दे.

तुजा,
गेणबा


॥ श्री ॥

बारामती,
दि. १५ जानेवारी १९९६

चि. गेणबास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तीळगूळ पाठवते आहे. खा, आणि पुढचं वाच.

सिद्धू अंतिम फेरीत गेला. परवा त्याने कोल्हापूरच्या खेळाडूला हरवलं. आता येत्या रविवारी, एकवीस तारखेला, पुण्याच्या युवराज भापकरशी गाठ आहे. तो चाळिशीचा, शांत माणूस आहे आणि ही स्पर्धा त्याने आधी दोनदा जिंकलेली आहे. नऊ फ्रेम ठरल्या आहेत. ज्याच्या आधी पाच, तो जिंकला.

तुझी अट मला मान्य नाही. एकदा हरण्यावर माणसाचं काम ठरत असतं, तर तू पहिल्याच जत्रेनंतर आखाडा सोडायला हवा होतास. मी इंटरला नापास झाले तेव्हा मुलीला परत आणा म्हणून सगळ्या भावकीने आबांचे कान खाल्ले. आबा पुण्याला आले, खांद्यावर घोंगडी तशीच. पुन्हा बसणार का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर पाणी पिऊन परत गेले. ते तुझेही वडील होते, याची आठवण असू दे.

बघायला येतो असं तू लिहून दिलं आहेस, तेव्हा आता यायचं. मात्र ही जत्रा नाही. खेळ चालू असताना बोलायचं नाही, खाकरायचं नाही, तंबाखू मळून थाप मारायची नाही. टाळी वाजवायची ती फटका पूर्ण झाल्यावर. आणि काही झालं तरी जागचं उठायचं नाही. शेवटचं वाक्य दोनदा वाच.

जेवायला घरी ये. लोभ आहेच, तो तोंडावर दाखवायची मला सवय नाही.

तुझी,
ठमाआक्का


॥ श्री ॥

बारामती,
दि. २२ जानेवारी १९९६

चि. गेणबास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल तू मधूनच निघून गेलास, तेव्हा निकाल तुला ठाऊक नसणार. तो सांगतेच. आधी तू काय केलंस ते ऐक, कारण तू ते नुसतं केलंस, मी ते पाहिलं.

चार-चार अशी बरोबरी झाली होती आणि शेवटची फ्रेम चालू होती. सिद्धू पुढे होता. युवराजला एकच लाल चेंडू दिसत होता, तोही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आणि पांढरा चेंडू कडेला अगदी चिकटलेला. तिथून कोणी मारत नाही. त्याने मारला. लाल चेंडू ती सगळी लांबी तोडून कोपऱ्यातल्या खिशात गेला. टाळ्या झाल्या, थांबल्या. युवराज पुढच्या फटक्यासाठी वाकला, आणि तू उठलास.

वहाणांसकट गालिच्यावरून चालत गेलास. डोक्यावरचा फेटा उतरवलास, सोडलास, आणि त्या जाकीटवाल्या माणसाच्या डोक्याला बांधायला लागलास. शाबास रे पैलवान, असं काहीसं म्हणत होतास. पंच पांढरे हातमोजे घालून नुसते उभे होते. असल्या प्रसंगाचा नियम त्यांच्याकडे नसावा. दोन वेढे झाल्यावर त्यांना कंठ फुटला आणि त्यांनी तुला बाहेर जायला सांगितलं. तू सरळ बाहेर गेलास आणि एस. टी. स्टँड गाठलास. जानेवारीच्या वाऱ्यात, उघड्या डोक्याने.

तू गेल्यावर काय झालं ते आता वाच. हॉलमध्ये लोक हसत होते. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले की खेडवळ माणसांना आत सोडतात कशाला. त्यांना मी सांगितलं की तो माझा सख्खा भाऊ आहे, आणि तुम्ही हसून झालं असेल तर आता गप्प बसा, कारण नियम सगळ्यांना सारखाच आहे. सिद्धूने काठी टेबलाला टेकवली. तो पंचांना म्हणाला की ते माझे वडील आहेत, आमच्याकडे चांगल्या डावाला फेटा बांधतात, त्यात अपमान कोणाचाच नाही. त्यांना आत बोलवा, नाहीतर मीही बाहेर जातो. गेलास तर फ्रेम गेली, असं पंचांनी बजावलं. तरी तो दाराकडे निघाला. शेवटी युवराजनेच सांगितलं की म्हाताऱ्यांना परत बोलवा, माझी हरकत नाही. सेक्रेटरी रस्त्यापर्यंत धावत गेले. तू कुठे होतास?

सेक्रेटरी एकटेच परतले, तेव्हा सिद्धू खुर्चीत येऊन बसला. तू ज्याला लढत म्हणत नाहीस ते बसणं मी काल पाहिलं. समोरचा एकेक चेंडू घालवतो आहे, आपल्याला बोटही लावता येत नाही, आणि पाठ ताठ ठेवून बसायचं. असं बसायला तुझी छाती झाली नसती.

युवराजचा नेम एकदा चुकला, सिद्धूने पुन्हा भरून काढलं, आणि अखेर टेबलावर एकटा काळा उरला. जो घालवेल त्याची स्पर्धा. सिद्धूने मारला. काळा खिशाच्या दोन्ही ओठांना आपटला आणि तोंडाशीच थांबला. युवराजने तो आत ढकलला.

सिद्धू हरला.

बक्षीस घ्यायला युवराज आला तो खेळताना बाजूला काढून ठेवलेला तुझा फेटा तसाच डोक्यावर चढवून. दोन वेढे पक्के, बाकीचा खांद्यावर लोंबत होता. लोक पुन्हा हसायला लागले. तेव्हा सिद्धू पुढे झाला आणि सगळ्यांसमोर त्याने तो फेटा युवराजला नीट बांधून दिला, पीळ देऊन, शेमला सोडून, तू बांधतोस तसा. हसणं थांबलं. युवराजने सांगितलं की तो फेटा सांभाळून ठेवणार आणि मला हरवेल त्यालाच देणार. वाटेत मी सिद्धूला विचारलं की बांधायचं तुला कसं सुचलं. तो म्हणाला, बाबांचं काम अर्धवट राहिलं होतं.

आता तुझ्या अटीविषयी. अटीप्रमाणे तो एक तारखेला कारखान्यात यायला हवा. तो येणार नाही. मी येऊ देणार नाही. अट मी कधी मान्य केली नव्हती हे एक. दुसरं असं की फेटा मैदानात बांधतात. खेळतमाशा करणाऱ्याला, गोट्या खेळणाऱ्याला कोणी आपल्या डोक्यावरचा उतरवून बांधत नाही. तुला मैदान दिसलं म्हणून तू उठलास. पन्नास माणसांदेखत दिलेली ती कबुली आहे आणि ती तुला परत घेता येणार नाही. बापूसाहेबांना शब्द तू दिला होतास, तेव्हा मोडायलाही तूच जा.

सिद्धू आज सकाळी नेहमीच्या वेळेला सरावाला गेला. माझी खुर्ची तिथेच आहे. शेजारी तुझीही ठेवायची का, ते कळव.

तुझीच,
ठमाआक्का


॥ बिरोबा प्रसन्न ॥

पळसदेव, ता. इंदापूर
दि. २७/१/९६

ती. स्व. आक्कास,
गेणबाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुजं पत्र पावलं. तुजी बोलनी खाल्ली, चटणीपरीस तिखाट व्हती.

त्या दिशी म्या उठलो ते माजं मलाच कळलं न्हाय. आपलं जत्रंचं मैदान उजनीच्या पान्याखाली गेलं, त्येला लई वर्सं झाली. तवापास्नं कुनाला फेटा बांधावा आसं हात शिवशिवलंच न्हाईत. त्या गड्यानं त्यो लाल चेंडू मारला आन मला हलगी ऐकू आली. भाईर काढलं ह्याचा राग न्हाय आला. पोराचं हसू केलं म्हून तोंड दावायला लाज वाटली.

बापूसायबाकडं जाऊन आलो, तसाच उगड्या डोक्यानं. फेटा कुठाय म्हून त्यांनी इचारलं. म्या म्हनलं, बारामतीच्या मैदानात एका पैलवानाला बांधला, त्यानं माज्या पोराला पाडलं. मग एक तारखेचं काय म्हनून इचारलं. म्या म्हनलं, कुस्ती हरली म्हून पैलवानाला कुनी हजेरी मांडाय बसवत न्हाय. त्ये रागावलं. ह्या वर्साला ऊस नेत्यात का न्हाय कुनास ठावं म्हनून भागूला घोर लागलाय. बिरोबा हाय. रागवू द्यात.

भागू इंदापूरच्या बाजारातनं नवा फेटा आनते म्हनती. म्या नगं म्हनलं. शिद्धूला सांग, त्यो युवराज म्होरं जिथं कुठं गाठ पडंल तिथं माजा फेटा त्याच्या हातनं घिऊन यायचा. तवर म्या आसाच फिरनार. गावात हसत्यात, आमी बी हसतो.

माजी खुर्ची ठिव. म्या बसंन, उठनार न्हाय. माया हाय तशी आसू दे, आन पोराला येवढंच सांग की बाच्या डोक्याला गार लागतंय.

तुजा,
गेणबा